वापरलेला फोन घ्यायचाय? आधी त्याचं उरलेलं आयुष्य मोजा

फोन धडधाकट असतो, स्क्रीनवर ओरखडा नसतो आणि एके सकाळी सूचना येते की या फोनवर हे ॲप यापुढे चालणार नाही. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२५मध्ये अँड्रॉइड ४.४ला आणि मे महिन्यात आयफोन ५एस, आयफोन ६ला असाच निरोप दिला. मग बदलायची वेळ येते आणि खरी पंचाईत सुरू होते. चांगला नवा फोन परवडत नाही आणि परवडणारा नवा फोन चांगला नसतो. त्यात २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिप्स महागल्या आहेत. एआयची डेटासेंटरं त्या चिप्स घाऊक उचलू लागली आणि त्याची झळ फोनच्या किमतींना बसू लागली.

उरते ती मधली वाट. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, तेव्हाचा महागडा, कुणीतरी वापरलेला फोन घ्यायचा. या वाटेवर पाऊल टाकताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती जुना आहे?’ मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. औषधाची बाटली उचलताना ती कधी बनली हे आपण बघत नाही, मुदत कधी संपते ते बघतो. फोनलाही मुदत असते. ती खोक्यावर छापलेली नसते, शोधून काढावी लागते.

‘त्याच पैशांत कोरा फोन का नको?’

आक्षेप रास्त आहे. कोऱ्या फोनला वॉरंटी असते, बॅटरी ताजी असते, आणि कागदावर तर दोन्ही फोन सारखेच दिसतात. ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, इथेही आणि तिथेही.

फरक असतो तो ठळक अक्षरांत न छापलेल्या गोष्टींत. स्टोरेजचंच घ्या. १२८ जीबी म्हणजे कपाट केवढं आहे ते कळलं, पण त्यातून सामान किती झटकन काढता-ठेवता येतं ते कळलं नाही. स्वस्त फोनांत बऱ्याचदा ईएमएमसी नावाची चिप असते, महागड्यांत यूएफएस. ईएमएमसी म्हणजे एकपदरी पूल. इकडची वाहनं निघाली की तिकडच्यांनी थांबायचं. फोन एका वेळी माहिती वाचतो किंवा लिहितो, दोन्ही एकदम जमत नाही. यूएफएस हा दुपदरी पूल, शिवाय रुंद. ईएमएमसी ५.१चा कमाल वेग सेकंदाला सुमारे ४०० मेगाबाइट, तर यूएफएस ३.१ त्याच्या पाचपटीच्या आसपास जातो. मागे ॲप अपडेट होत असताना कॅमेरा उघडला आणि फोन गोठला, की आपण प्रोसेसरला शिव्या देतो. पुष्कळदा खोळंबा या पुलावर झालेला असतो.

रॅमची गंमत तर आणखी वेगळी. रॅम म्हणजे कामाचं टेबल, स्टोरेज म्हणजे कपाट. जाहिरातीत ‘८ + ८ जीबी’ लिहिलेलं असतं, त्यातले दुसरे आठ कपाटातून उसने घेतलेले असतात. कपाटाचा एक खण मोकळा करायचा आणि त्यालाही टेबल म्हणायचं! त्यात कपाटाकडे जाणारा पूल एकपदरी असेल तर विचारायलाच नको.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच सांगतो. मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा. चांगल्या फोटोला मोठा सेन्सर आणि हाताचा कंप सावरणारी भिंग-यंत्रणा लागते. जुन्या महागड्या फोनात ती असते, नव्या स्वस्त फोनात अनेकदा नसते.

तरीही एका बाबतीत नवा स्वस्त फोन आता पुढे गेलाय. २०२४मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलॅक्सी ए१६ ५जी सारख्या साध्या फोनलाही कंपनीने सहा वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. कॉल, मेसेज, पैसे पाठवणं आणि थोडे व्हिडिओ एवढंच काम असेल, आणि जरा वाट बघायची तयारी असेल, तर असा कोरा फोन घ्यावा आणि हा लेख इथेच सोडावा.

अपडेटची मुदत

फोनचं आयुष्य दोन गोष्टी ठरवतात, एक अपडेट आणि दुसरी बॅटरी. बॅटरी बदलता येते. अपडेटची मुदत सामान्य माणसाला वाढवता येत नाही, म्हणून आधी ती बघायची.

अपडेट दोन प्रकारचे. अँड्रॉइडची किंवा आयओएसची नवी आवृत्ती येते तो मोठा अपडेट. सुरक्षेतली भोकं बुजवणारा छोटा अपडेट असतो, त्याला सिक्युरिटी पॅच म्हणतात. नवी आवृत्ती नाही आली तरी फार बिघडत नाही. पॅच थांबले की बिघडतं.

इथे एक सीमारेषा लक्षात ठेवली की पुढचं पुष्कळ सोपं होतं. गुगलने ऑक्टोबर २०२३मध्ये पिक्सेल ८ आणला आणि त्याला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२४मध्ये, सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४साठी तेच केलं. त्यांच्या आदल्या भावंडांना, म्हणजे पिक्सेल ७ला आणि गॅलॅक्सी एस२३ला, सुरक्षेची पाचच वर्षं मिळाली होती. आता मोजा. एस२३ची मुदत २०२८च्या सुरुवातीला संपते, एस२४ची २०३१च्या सुरुवातीला. पिक्सेल ७ची ऑक्टोबर २०२७मध्ये, पिक्सेल ८ची ऑक्टोबर २०३०मध्ये. वयात एका वर्षाचं अंतर, आयुष्यात तीन वर्षांचं! सेकंडहँड बाजारात मात्र भाव ठरतो तो मॉडेल किती जुनं आणि दिसायला किती चकचकीत यावर. हुशारीने घेणाऱ्याचा फायदा या फटीतच आहे.

आयफोनबद्दल ॲपल असा मोठा शब्द आधीच देत नाही, पण आजवरचा रिवाज बोलका आहे. २०१८च्या आयफोन एक्सएस आणि एक्सआरला २०२४चं आयओएस १८ मिळालं, २०२५चं आयओएस २६ मिळालं नाही. २०१९चा आयफोन ११ मात्र त्यातही टिकला. बाजारात आल्यापासून सहा-सात वर्षं धरून चालायला हरकत नाही.

एक सापळा आहे. ही मुदत मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलात त्या दिवसापासून नाही. पहिल्या मालकाने तो दोन वर्षांनी सवलतीत घेतला असेल तर ‘एकच वर्ष वापरलाय’ हे त्याचं म्हणणं खरं, पण मुदतीतली तीन वर्षं उडालेली.

‘अपडेट थांबले म्हणून काय चोर लगेच दारात येतो?’

लगेच येत नाही. पण पॅच निघतात कसे ते बघा. गुगल ऑगस्ट २०१५पासून दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या सापडलेल्या दोषांची यादी जाहीर करतं. ज्यांना पॅच मिळतो त्यांची कुलपं बदलली जातात. ज्यांना मिळत नाही त्यांच्या कुलपातली खोट मात्र जगजाहीर झालेली असते, किल्ली कशी बनवायची याच्या इशाऱ्यासकट. म्हणजे फोन जसाच्या तसा राहतो, तरी दर महिन्याला तो थोडा अधिक असुरक्षित होतो.

ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात तो असा वापरू नये. गाणी ऐकायला, मुलांना चित्रं काढायला, स्वयंपाकघरात कृती बघायला खुशाल वापरा.

सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिक्युरिटी पॅचची तारीख दिसते. विकणाऱ्याला ती बघायला सांगा. तारीख वर्षभर जुनी निघाली, तर एक तर मुदत संपलीय किंवा फोनमध्ये काहीतरी छेडछाड झालीय.

‘जुन्या फोनची बॅटरी तर मेलेलीच असणार’

मेलेली नाही, म्हातारी असते. बॅटरीच्या म्हातारपणाची दोन लक्षणं आहेत आणि बहुतेकांना त्यातलं एकच ठाऊक असतं.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. वर्षानुवर्षं तळाशी गाळ साचत जातो, म्हणजे टाकीत पाणीच कमी मावतं. हे पहिलं लक्षण, यालाच आपण ‘चार्ज टिकत नाही’ म्हणतो. दुसरीकडे नळ आतून गंजत जातो, धार बारीक होते. टाकीत पाणी आहे, पण एकदम सोडा म्हटलं तर येत नाही. बॅटरीत याला अंतर्गत रोध वाढणं म्हणतात. ३० टक्के चार्ज दिसत असताना कॅमेरा उघडला आणि फोन पटकन बंद पडला, तर दोष या बारीक धारेचा असतो. कॅमेरा, फ्लॅश आणि प्रोसेसर एकदम मोठा घोट मागतात आणि तो मिळत नाही. असे फोन बंद पडू नयेत म्हणून म्हाताऱ्या बॅटरीचे आयफोन आपण मुद्दाम मंद करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये कबूल केलं. त्यावर गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ हा आकडा दिसू लागला. नवी बॅटरी घातली की अनेकांचे ‘स्लो झालेले’ फोन पुन्हा पळू लागले, ते याचमुळे.

बॅटरीचं वय वर्षांपेक्षा सायकलमध्ये मोजणं बरं. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज वापरून होणं. आज ६० टक्के, उद्या ४० टक्के वापरले की एक सायकल. चार्जरला कितीदा लावला याच्याशी तिचा संबंध नाही. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी ५०० सायकलनंतर मूळच्या ८० टक्के क्षमतेवर यावी अशी बनवलेली असते, आयफोन १५पासून १,००० सायकलनंतर. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नव्या फोनांच्या बॅटरीने ८०० सायकलनंतर ८० टक्के टिकवणं बंधनकारक झालं. रोज जवळपास एक सायकल वापरणाऱ्याचे ५०० दीड वर्षात संपतात, मोजकं वापरणाऱ्याचे तीन वर्षंही पुरतात. त्यामुळे दोन वर्षांच्या दोन फोनांच्या बॅटऱ्या अगदी वेगळ्या निघू शकतात.

आयफोन १५ आणि पुढच्या फोनांत सायकलचा आकडा सेटिंगमध्येच दिसतो. पिक्सेलच्या नव्या मॉडेलांतही अशी माहिती मिळते. जिथे मिळत नाही तिथे साधी परीक्षा घ्या. स्क्रीनची चमक पूर्ण वाढवून दहा मिनिटं व्हिडिओ रेकॉर्ड करा. टक्के सावकाश उतरले तर ठीक. आकडा गचके खात खाली आला, फोन चटके देण्याइतका तापला किंवा मागचं झाकण किंचित फुगलेलं दिसलं, तर भाव कितीही पाडून मिळाला तरी घेऊ नका. फुगलेली बॅटरी हा घासाघीस करण्याचा विषय नाही.

एरवी माझा सल्ला असा की बॅटरी बदलण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून फोनच्या किमतीतच धरा. बदलावी लागली नाही तर फायदा आपलाच.

मग भाव बरोबर आहे हे कसं ठरवायचं?

फोनची किंमत अधिक बॅटरीचा खर्च, भागिले सुरक्षेचे उरलेले महिने. बस. समजा २०२६च्या मध्यावर तुमच्यासमोर एस२३ आणि एस२४ आहेत, आणि एस२४ दीडपट महाग आहे. एस२३चे साधारण वीस महिने उरलेत, एस२४चे पंचावन्न. दीडपट पैसे मोजून पावणेतीनपट आयुष्य. महिन्याच्या हिशेबात महाग फोनच स्वस्त पडतो.

भागाकार सगळं सांगत नाही, कारण काही मॉडेलं जन्मतःच खोडीची असतात. स्नॅपड्रॅगन ८८८ आणि त्यानंतरचा ८ जेन १ हे प्रोसेसर तापण्यासाठी बदनाम झाले. २०२२मध्येच आलेला ८+ जेन १ जवळपास तसाच, फक्त दुसऱ्या कारखान्यात, टीएसएमसीकडे बनवलेला, आणि तो चांगला थंड चालतो. नावात एका अधिक चिन्हाचा फरक! पिक्सेल ६ए हे दुसरं उदाहरण. बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे जुलै २०२५मध्ये गुगलने सक्तीचा अपडेट आणला आणि ४०० सायकलनंतर त्या बॅटरीची क्षमता नि चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला. सोयरीक जुळवण्याआधी चौकशी करतात तशी मॉडेलची करावी. त्याच्या तक्रारी तीन-चार वर्षांत जगभर चघळून झालेल्या असतात. जुना फोन घेण्याचा हा एक न सांगितला जाणारा फायदा आहे, नव्या फोनच्या खोडी अजून कुणालाच माहीत नसतात.

‘आणि चोरीचा निघाला तर?’

ही भीती सगळ्यात मोठी आणि योग्यच. प्रत्येक फोनला आयएमईआय हा १५ आकडी क्रमांक असतो, गाडीच्या चासी नंबरसारखा. डायल पॅडवर *#०६# दाबलं की तो समोर येतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात. तो खोक्यावरच्या, बिलावरच्या आणि सेटिंगमधल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. चोरीच्या तक्रारीनंतर अनेक देशांत हा क्रमांक काळ्या यादीत टाकतात आणि मग त्या फोनवर नेटवर्कच येत नाही. तुमच्या देशात ती यादी तपासायची सोय असेल तर पैसे देण्याआधी तपासा. यादीत नाव नंतरही येऊ शकतं, म्हणून मूळ बिल आणि विकणाऱ्याची सही असलेली पावती हवीच.

कागदांपेक्षा जास्त लोक अडकतात ते खात्याच्या कुलपात. आयफोनमध्ये २०१३पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडमध्ये २०१५च्या सुमारास एफआरपी आलं. काम एकच. फोन पुसून कोरा केला तरी तो आधीच्या मालकाचं खातं आणि पासवर्ड मागतो. घराला नवा रंग दिला म्हणून दाराचं कुलूप बदलत नाही, तसंच. मी स्वतः एकदा यात सापडलो. विकणारा सज्जन होता, त्याने प्रामाणिकपणे फोन पुसून दिला, पण खातं आधी काढलं नाही. आणि त्याला स्वतःचाच पासवर्ड आठवेना. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांना फोन करत होतो, तो माझ्या जुन्या फोनवर, मी त्याच्या नव्या फोनवर.

म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून खात्यातून बाहेर पडायला सांगा, सेटिंगमधूनच फोन रीसेट करायला लावा, आणि मग तुमच्या खात्याने सुरू करून होम स्क्रीनपर्यंत पोहोचा. तिथवर पोहोचलात की हे कुलूप नाही हे पक्कं. याच वेळी ‘हा फोन तुमच्या संस्थेच्या नियंत्रणात आहे’ अशी ओळ दिसली, तर तो कुण्या कंपनीचा आहे आणि दूरवरून बंद केला जाऊ शकतो. हप्त्यांवर घेतलेल्या, हप्ते थकलेल्या फोनचंही असंच होतं. सुरू होताना ‘बूटलोडर अनलॉक आहे’ असा इशारा आला, तर फोनची मूळ प्रणाली कुणीतरी उघडलेली आहे. बँकेची बरीच ॲप्स अशा फोनवर चालायला नकार देतात.

हातात घेतल्यावर

कव्हर आणि स्क्रीनगार्ड काढायला लावा. पूर्ण स्क्रीनभर पांढरं आणि मग करड्या रंगाचं चित्र लावा. ओलेड स्क्रीनवर कीबोर्डची किंवा खालच्या बटणांची भुरकट सावली दिसली, तर तिथले बिंदू झिजलेत आणि ती सावली जाणार नाही. उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ दिसली तर पॅनेल बदलण्यावाचून उपाय नाही.

सिम घालून खरोखर कॉल करा, कानाला लावल्यावर स्क्रीन विझते का बघा. स्वस्तात बदललेल्या डिस्प्लेत इथेच गडबड असते, आणि बोटाचा ठसाही तिथेच रुसतो. सगळे कॅमेरे एकेक करून, जवळ-दूर फोकस करून बघा. चार्जरची पिन हलवली तर चार्जिंग तुटतं का? आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलांत स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा बदललाय का हे सेटिंगमधल्या फोनच्या माहितीतच दिसतं. भाग बदललेला असणं वाईट नाही, ते लपवणं वाईट.

परदेशातून आलेला फोन असेल तर आणखी दोन गोष्टी. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४पासून पुढच्या फोनांत सिमचा ट्रेच नसतो, फक्त ई-सिम चालतं. आणि प्रत्येक देशात मोबाइल कंपन्या वेगवेगळ्या लहरींवर सेवा देतात, त्या तुमच्या फोनला झेपत नसतील तर ५जी लिहिलेला फोनही ४जीवरच रखडेल. ‘पाण्यात पडला तरी चालतो’ हे मात्र विसरून जा. ते रबरी सील वयाने सुकतं, आणि फोन एकदा उघडून नीट सील न करता बंद केला असेल तर ते नसल्यातच जमा.

रिफर्बिश्ड म्हणजे वेगळं काय?

वापरलेला फोन म्हणजे आहे तसा. रिफर्बिश्ड म्हणजे तपासून, गरज असेल तिथे दुरुस्त करून, काही महिन्यांच्या हमीसह विकलेला. थोडे जास्त पैसे जातात, पण वर सांगितलेली निम्मी तपासणी दुसऱ्याने केलेली असते. ज्याला हे सगळं करायचा कंटाळा आहे त्याने हाच मार्ग धरावा. फक्त ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ या शब्दांना भुलू नका. ते बहुतेक वेळा बाहेरच्या ओरखड्यांबद्दल असतात, बॅटरीबद्दल काही सांगत नाहीत, आणि प्रत्येक विक्रेत्याची मोजपट्टी वेगळी. उलट मी मुद्दाम बी ग्रेड बघतो. ओरखड्यांमुळे भाव उतरतो, मुदत उतरत नाही, आणि कव्हर घातल्यावर मागचा ओरखडा कुणाला दिसतो?

‘माझा जुना फोन विकला तर त्यातले फोटो कुणी काढेल का?’

आजच्या फोनांत सगळी माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि ती उलगडायची किल्ली फोनच्याच आत असते. रीसेट केल्यावर मुख्यतः ही किल्ली नष्ट होते. तिजोरीतले कागद एकेक करून जाळण्याऐवजी तिजोरीची एकमेव किल्ली वितळवून टाकावी तसं. आत उरलेले कागद कुणालाही न वाचता येणारी अक्षरं होतात. अँड्रॉइड ६पासूनच्या बहुतेक फोनांत आणि गेल्या दहा वर्षांतल्या सगळ्या आयफोनमध्ये हे आपोआप होतं. त्याहून जुना फोन असेल तर रीसेटआधी सेटिंगमधून एन्क्रिप्शन सुरू करून घ्या.

रीसेटची घाई मात्र नको. व्हॉट्सॲपच्या गप्पा नव्या फोनवर आल्या का, बँकेची ॲप्स नव्याने नोंदवली का, आणि लॉगिनसाठी सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप हलवलं का, हे आधी बघा. या तिसऱ्यात सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण ते ॲप महिन्यातून एकदाच लागतं. जुना फोन आठ-दहा दिवस खणात तसाच राहू द्या.